बादशहाचं मंगोल नाणं

आमचा बादशहा किल्लीवाला म्हणजे राजारामपुरीतलं एक येडं. मी हंबीरराव, माझ्या पानपट्टीला लागूनच त्याची टपरी. कुणाचं बी कुलूप दोन मिनिटांत उघडंल, पण ह्याचं तोंड एकदा उघडलं की मिटायचं न्हाय. विषय एकच, त्याचं चांदीचं नाणं.

बावीस वर्सांमागं उचगावच्या भंगारवाल्याकडनं त्यानं जुन्या कुलपांचं पोतं आणलं, त्यात ते गावलं. काळंकुट्ट, बटणाएवढं. कुणीतरी बघून सांगितलं, हे इराणातल्या मंगोल बादशहाचं, सातशे वर्सांपूर्वीचं. झालं! गिऱ्हाईक थांबलं की ह्यो नाणं काढायचा. मी म्हणायचो, "मंगोल कुठलं रं? मोगल म्हण की! न्हायतर जत्रेतलं म्हण." गिऱ्हाईकं हसायची, त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. खरं सांगतो, मला लई मजा यायची.

यंदा इथंच नाण्यांचं प्रदर्शन लागलं. पुण्याचे एक जाणकार साहेब नाणी तपासून देणार होते. बादशहा आठ दिवस धड जेवला न्हाय. "हंबीरराव, खोटं निघालं तर टपरी उचगावला हलवतो. तुमचं हसणं आता सोसवत न्हाय," म्हणाला.

नाणं दाखवायच्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं, सुगराभाभीनं, काय करावं? मोठ्या माणसापुढं मळकं नाणं कसं न्यायचं, म्हणून चिंच नि राख लावून खसाखसा घासलं! हुपरीच्या चांदीच्या पैंजणागत लखलखीत. बादशहा मटकन खालीच बसला.

"अगं, तांब्या हाय व्हय हा?"

"बावीस वर्सं खिशात मळवलंसा, एकदा तरी धुवू द्या की!" भाभी बी ऐकणाऱ्यातली न्हाय.

मी मुद्दाम दुकान बंद करून संगं गेलो, फजिती बघायला. असलं चकचकीत नाणं बघून साहेब हाकलूनच देणार, ह्याची मला खात्री. साहेबांनी भिंग लावलं, वजन केलं, उलटंपालटं करून बघितलं. एका बाजूला अरबी, दुसरीकडं मंगोलांची लिपी. लई वेळ गेला. बादशहा घामानं चिंब.

"अस्सल आहे. मंगोलच," साहेब म्हणाले. "पण घासलंत कशाला? निम्मी किंमत गेली."

बादशहाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, किमतीसाठी रडतोय. तर गड्यानं माझं बखोट धरून मला पुढं ओढलं.

"साहेब, पुन्यांदा सांगा. जरा मोठ्यानं. हे आमचं हंबीरराव बावीस वर्सं भैरं हाईत."