काट्यावर चढायला व्याही तयार नव्हते

मी तेव्हा जळगावच्या एका डाळमिलवाल्या आबांचं चार सीटचं विमान चालवत होते. मे महिन्यात धुळ्याला त्यांच्या नात्यातलं लग्न होतं. ते आटोपून आबा आणि त्यांच्या व्याह्यांना मी इंदूरला नेणार होते. व्याही मूळचे पारोळ्याचे, आता इंदूरला राहायचे. भर दुपारी दोघं धावपट्टीवर आले. ड्रायव्हरनं डिकीतून बॅग काढली आणि एका बाजूला झुकला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय आहे यात?"

"कपडा शेतस," व्याही म्हणाले.

वजनाचा साधा काटा मी विमानात नेहमी ठेवायचे. तो खाली मांडून व्याह्यांना वर उभं राहायला सांगितलं, तसे ते बिघडले. "मी काय कापूस शे का, काटावर चढाले?"

आबा मलाच म्हणाले, "आधीचा पायलट एवढ्या चौकशा करत नव्हता. याच टायमाला उडायचा."

असेलही. पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

उन्हानं हवा विरळ होते. पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी. विमान जणू उंच डोंगरमाथ्यावरच्या विरळ हवेतून उडायला बघतं. त्यात पुढे सातपुडा ओलांडायचा. माझ्या हिशोबानं पट्टी जेमतेम पुरत होती, तीही बॅगेत खरंच कपडे असतील तर.

"बॅग उघडा," मी म्हटलं.

आत आहेराची पितळी भांडी होती. ठासून भरलेली.

"बाईच्या हाती इमान द्यालेच नको व्हतं," व्याही पुटपुटले.

"भांडी गाडीनं येतील. आणि आपण ऊन कलल्यावर निघू."

आबांनी ड्रायव्हरला बॅग परत ठेवायला लावली. मग दोघं निंबाच्या सावलीत माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, गेली नोकरी.

ऊन उतरल्यावर निघालो. विमान हलकं होतं, तरी चाकं सुटता सुटेनात. पट्टीचं टोक मला हवं त्यापेक्षा बरंच जवळ आलं, तेव्हा कुठे जमीन सुटली. पुढे सातपुडा दिसू लागला. मग हेडफोनमध्ये आबांचा आवाज आला.

"दुपारी काय झालं असतं, पोरी?"

"माहीत नाही, आबा. कदाचित उडालो असतो."

"कदाचित," ते म्हणाले, आणि मागे वळून व्याह्यांच्या सीटचा पट्टा घट्ट आहे ना, ते हातानं ओढून बघितलं.