अर्ध्या निरोपावर थांबवलेली गाडी

अन्याय झाला तो आमच्या वसंतमामावर. १९८६ साली, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. हे आधीच लिहितो, कारण गेल्या महिन्यात गावाहून, आरोंद्याहून, मामा गेल्याची तार आली आणि तेव्हापासून जो तो ‘गरीब स्वभावाचे होते बिचारे’ एवढंच म्हणतो. गरीब कसले? हट्टी होते.

मामा शहरातल्या रेल्वेत मोटरमन. कंट्रोलरूमचं बोलणं थेट गाडीत ऐकू यावं म्हणून त्यांच्या केबिनमध्ये वायरलेस बसवला होता. डोंगर कापून काढलेल्या एका वळणावर तो हटकून गप्प व्हायचा. वळणापलीकडे वायरलेसचा आणखी एक खांब उभारा, असं मामा कधीपासून सांगत होते. त्या सकाळी ऐकू आलं, “पुढे रुळावर...” आणि नुसती खरखर. मामांनी गाडी उभी केली. मागच्या गाड्या खोळंबल्या. पुरा निरोप होता, पुढे रुळावरचं काम संपलंय, या. चौकशीत साहेब म्हणाले, “अर्धं वाक्य ऐकून गाडी थांबवता?” मामा म्हणाले, “अर्धंच ऐकलं म्हणून थांबवली.” भित्रा, असा शेरा मारून त्यांना यार्डात टाकलं. तिथले सोबती खाडीकाठच्या या माणसाला विचारायचे, “काय नाखवा, आज भरती की ओहोटी?”

दिवाळीत मामा गावी आले. धुक्यात आम्ही खाडी ओलांडायला तरीवर उभे होतो. तरवाल्याने पलीकडे कुकारो घातला, लांब हाक दिली, आणि जबाब येईपर्यंत होडी सोडली नाही. तिकडून दुसरी होडी निघाली असली तर धडकच. कोणी कुरकुरलं नाही.

“बघ रे, हेका कोण भित्रो म्हणता?” मामा म्हणाले.

“पण मामा, तुमचो सिग्नल हिरवो होतो मा?”

“होतो. पण माझ्या मागे डबे भरून माणसां होती. जबाब येवक नाय तर थांबाचा... तुका दुसरा काय सुचता?”

तेवढ्यात पलीकडून जबाब आला आणि आम्ही होडीत चढलो.

तो शेरा पुसला जाण्याची वाट बघत मामा गेले. शेरा अजून आहे. खांब उभारायचा सोडून माणूस हलवला. वायरलेस त्या वळणावर आजही गप्प होतो; फरक एवढाच, की आता तिथे कोणी थांबत नाही.

वाचकहो, तुमचे भाऊ, मुलगे त्याच गाड्यांनी कामावर जातात. हळहळ पुरे झाली. पुढच्या खेपेला शहरात गेलात की स्टेशनमास्तरच्या खिडकीशी उभे राहा आणि विचारा, त्या वळणावर आवाज पोचतो का? उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.