पायाला दिसणारा खडा

जिल्हा नवा, धावपट्टी नवी, दुष्काळ तेवढा जुनाच. लातूरच्या त्या पट्टीवर मी वायरलेस सांभाळायचो. तिथला मुकादम विमान यायच्या आधी चपला काढून अख्खी पट्टी तुडवायचा. "पंख्यात खडा उडाला की खेळ खलास. डोळ्याला न्हाई, पायाला दिसतो त्यो," म्हणायचा. पट्टी साफ असल्याचं त्याचं "हाव" आल्याशिवाय मी विमानाला उतरा म्हणत नसे.

एकदा दुष्काळ पाहायला मंत्री आले. विमान वर घिरट्या घालत होतं आणि अर्धी पट्टी राहिली होती. पट्टीचे नवे साहेब मुकादमावर खेकसले, "अरे, हो म्हणून टाक!"

"मग उरलेली तुमी चाला की, साहेब."

साहेबांनी रागारागानं बूट-मोजे काढले. दहाव्या पावलाला "आई गं!" करत ते एका पायावर नाचू लागले.

मुकादमानं वाकून खडा उचलला, खिशात टाकला. "बघा, तुमाला बी दिसला."