ओठांवरच्या मुंग्या

भंडाऱ्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे पुष्कळ, पण नवरीच्या डोळ्यांना त्रास न देता शूटिंग करणारे भय्याजी निमजे एकटेच. बाकीचे भलामोठा हॅलोजन थेट तिच्या तोंडासमोर धरायचे, बिचारीची हळद घामानं वाहून जायची. भय्याजी लाइट भिंतीवर मारायला लावायचे. त्यांचा कॅमेरा दिवसा राजा आणि अंधारात अगदीच भिकारी. उजेड कमी पडला की चित्रभर दाणे नाचायचे. भय्याजी म्हणायचे, मुंग्या चालल्या. म्हणून मुहूर्त टळला तरी चालेल, नवरी उजेडात बसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा लोक थट्टा करत की निम्मे भटजी भय्याजींच्या तावडीतून सुटले.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, एका हिवाळ्यात, सचिन त्यांच्या दुकानात आला. घर विणकराचं, घरात दोन माग. त्याची आई धुरपताबाई. गळ्याच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला होता आणि ती अंथरुणाला खिळली होती. ओठ मात्र सारखे हलायचे. लिहिता येत नव्हतं. दागिन्यांचं सांगते का? मान नाही म्हणून हलायची. घराचं? नाही. सगळं घर विचारून विचारून थकलं.

"माय दिवसभर काहीतरी म्हणून राहिली जी," सचिन म्हणाला. "आमाले कोनालेच समजत नाही. चंदालेच समजन."

चंदा म्हणजे त्याची बहीण, जन्मापासून बहिरी. आईनं तिला समोर बसवून, ओठ दाखवून दाखवून बोलणं शिकवलं होतं. आईचे ओठ तिला वाचता येत. पण चंदा होती चिखल्याला, खाणीत कामाला असलेल्या नवऱ्याच्या, अंकुशच्या घरी. नुकतीच ऑपरेशन करून बाळंत झालेली, तिला गाडीचे धक्के चालणार नव्हते. तेव्हा आईचं बोलणंच कॅमेऱ्यात भरून तिकडे न्यायचं, असं सचिनला सुचलं. म्हाताऱ्या बाईचा काय भरवसा, एवढंच तो म्हणाला.

धुरपताबाईंची खोली मागांच्या पलीकडे, बिनखिडकीची. भिंती धुरानं काळ्या झालेल्या. त्यांच्यावर मारलेला लाइट त्या गिळून टाकायच्या, आणि समोर मारला की धुरपताबाई पदर ओढून तोंड फिरवायच्या. भय्याजींनी शेवटी लाइट बंद केला आणि कॅमेऱ्याचा गेन वाढवला, म्हणजे अंधारातलं चित्र ओढूनताणून उजळ केलं. लांबून झूम करून चेहरा घेतला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसलं. खुशीत घरी गेले.

दुकानात मोठ्या टीव्हीवर लावलं तर मुंग्याच मुंग्या. धुरपताबाईंचे ओठ कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, काही कळेना. लग्नात एवढं खपून गेलं असतं. बँडचा आवाज टाकला की लोक खूश. इथे आवाजच नव्हता, ओठ हेच सगळं होतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात छोट्या पडद्यावर विश्वास ठेवल्याची भय्याजींना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात. सचिनचा चेहरा पडला, आई कालच दमली होती. भय्याजी सरळ आत जाऊन तिच्या खाटेशी बसले.

"धुरपताबाई, काल माही चूक झाली. मले तुमचे ओठ दिसले नाही. आज आणखी एक डाव बोला."

त्यांनी होकाराची मान हलवली. मग हा पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस शिडी लावून छपरावर चढला आणि खाटेच्या बरोबर वरची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवू लागला. शेजारीपाजारी गोळा झाले. उन्हाचा झोत खाली आला, पण तोही डोळ्यांत जाणारा. तेव्हा भय्याजींनी मागावरून नुकतंच उतरलेलं पांढरं धोतर मागितलं आणि ते भोकाखाली आडवं बांधलं. खोलीभर दुधासारखा मऊ उजेड पसरला. झूम केलं की अंधार वाढतो, म्हणून ते कॅमेरा घेऊन खाटेजवळ गुडघ्यांवर बसले. धुरपताबाई बोलल्या, थांबल्या, परत तेच बोलल्या. ओठांची एकेक हालचाल स्वच्छ दिसली. काय कष्ट घेतले हो या माणसानं, आणि तेही दुकान बंद ठेवलं म्हणून बायकोच्या शिव्या खाऊन!

कॅसेट कोणाच्या हाती द्यायची त्यांची तयारी नव्हती. कॅमेरा मांडीवर घेऊन ते एस्टीनं तुमसरमार्गे नाकाडोंगरीला, तिथून जीपनं चिखल्याला गेले.

चंदाच्या घरी सगळे पाळण्याभोवती उभे होते. तिची सासू गिरजाबाई पितळी थाळी चमच्यानं बडवत होत्या आणि बाळ दचकतं का ते पाहत होत्या. झोपेतलं बाळ हललंही नाही. चंदाला थाळी ऐकू येत नव्हती, पण लोकांचे चेहरे दिसत होते. ती भिंतीला टेकून रडत होती.

भय्याजींनी कॅमेरा टीव्हीला जोडला. पडद्यावर आई आली. चंदा सरकत सरकत पुढे आली, अगदी काचेजवळ. पुन्हा लावा, अशी तिनं खूण केली. मग नवऱ्याकडे वळून आपल्या बोबड्या, जाड आवाजात काहीतरी सांगत राहिली. अंकुशला तिचं बोलणं समजायचं. तो गिरजाबाईंकडे पाहून म्हणाला, "चंदाची माय म्हणते, लेकराजवळ थाळी वाजवून पाहू नोका. मी चंदासाठी वाजवली होती. तवा ते माह्या तोंडाकडे पाहून हासली. मले तेवढंच पुरे होतं, मी उगाच रडली."

गिरजाबाईंनी चमचा खाली ठेवला. थाळी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत येऊन सुनेजवळ बसल्या.

भय्याजींनी मायलेकरांना अंगणात बसवलं. तिथे उजेडाची ददात नव्हती. चंदा कॅमेऱ्याकडे पाहून बराच वेळ बोलली.

भंडाऱ्याला ते चित्रण लावलं तेव्हा बहिणीच्या बोलण्यातलं सचिनला निम्मंही कळलं नाही. धुरपताबाईंना सगळं कळलं. त्या दुपारी त्यांचे ओठ थांबले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी वाटीभर पेज खुणेनं मागून घेतली.