घड्याळाला दिलेलं मत

नणंद-भावजयीचं सख्य विळ्याभोपळ्याचं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी टेकडीवरच्या त्या शिवणाच्या दुकानात एकदा डोकावायला हवं होतं. वहिनी मशीनवर, नणंद काज-बटणाला, आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा वेगात. नणंदेने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वहिनी चांगली मिळाली. नवराही तसाच मिळेल याची काय खात्री?" वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची, चिडली किंवा हबकली की मात्र तडक 'अगं'वर यायची.

टेकडीवरच्या वस्तीचं दुखणं एकच होतं. बस पायथ्याशी यायची, वळसा घ्यायची आणि निघून जायची. मग दमेकरी असो, पोटुशी असो, दोन्ही हातांत पिशव्या असोत, चढ आपल्या पायांनी चढायचा. दुकानात माप द्यायला आलेली बाई आधी बाकावर टेकायची. "जरा दम खा," वहिनी म्हणायची, "नाहीतर छातीचं माप चुकेल."

नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा त्याच बाकावरच्या बायकांनी तिला भरीला घातलं. वहिनीने आढेवेढे घेतले, पण उभी राहिली. बाजारपेठेच्या वॉर्डातून उभे राहिलेले कापडवाले शेठ चौकात उंच मनोरा बांधून त्यावर मोठं घड्याळ बसवायचं म्हणत होते. त्याची वहिनीने भर सभेत खिल्ली उडवली. "ज्यांच्या दारात बस येत नाही, त्यांना किती वाजले ते कळून काय करायचंय?" लोक हसून हसून लोळले. वहिनी निवडून आली. शेठही आले.

सभागृहात सात सभासद होते. वहिनीने पहिल्याच वर्षी बसचा ठराव मांडला, टेकडीचे हाल सांगितले. नणंद मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होती. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सभासदही माना डोलवत होते. आणि मत घ्यायची वेळ आली तेव्हा हात वर झाला तो एकट्या वहिनीचा.

दुसऱ्या वर्षी तीच गत.

"मेले दगड आहेत सगळे!" घरी आल्यावर नणंद कडाडली.

वहिनी एका कोटाची बाही उसवत होती. "दगड नाहीत हो, वन्सं. शेठच्या वॉर्डात कुणाला टेकडी चढायची आहे? बसचा खर्च मात्र त्यांच्याही घरपट्टीतून जाणार. मग ते कशाला हात वर करतील? ज्याचं जळतं त्याला कळतं."

"आणि नदीकाठचे मास्तर? ते तर भले गृहस्थ आहेत."

"भले आहेतच. त्यांना पुराला अडवणारी भिंत हवी आहे. गेल्या महिन्यात त्यांचाही ठराव पडला."

"तू काय केलंस मग?"

वहिनीचा हात थांबला. "मी हात खालीच ठेवला. म्हटलं, टेकडीला कुठे पूर येतो?"

तिने बाही बाजूला ठेवली. मग वहिनी हळूच म्हणाली, "अगं, आम्ही सातही जण तेच करतोय."

दुसऱ्या दिवशी दुकान नणंदेवर सोपवून वहिनी नदीकाठी गेली. मास्तरांना सरळ म्हणाली, "मी तुमच्या भिंतीला मत देते, तुम्ही माझ्या बसला द्या." मास्तर बिचकले. हे देवाणघेवाणीचं राजकारण आपल्याला शोभतं का, असं काहीसं पुटपुटले. वहिनी म्हणाली, "वेगवेगळे राहून आपण दोघं अगदी शोभून दिसतो. फक्त तुमच्या लोकांच्या घरात पाणी शिरतं." मास्तर तयार झाले. दवाखान्याकडच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना बाळंतपणासाठी वेगळी खोली हवी होती. त्यांना तर फारसं सांगावंही लागलं नाही. तिघं झाली. चौथं मत जमलं की बहुमत. उरलेल्यांपैकी दोघं कशालाच हो न म्हणणारे. गोठ्यांच्या वॉर्डातले आजोबा नवीन खर्चाचं नाव काढलं तरी उठून जायचे. राहता राहिले शेठ.

"त्या माणसाकडे जाणार?" नणंदेच्या हातातली सुई तशीच राहिली. "कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणू?"

नणंद हट्टाने सोबत गेली. शेठनी दोघींना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "या, या. किती वाजले ते विचारायला आलात का?"

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. वहिनी मात्र हसली. "बोचलं होतं तर तुम्हाला! चुकलंच माझं. ठराव वाईट वाटला म्हणून माणसाची थट्टा करायला नको होती."

शेठ विरघळले, पण व्यापारी तो व्यापारी. भिंतीला, खोलीला, बसला, तिन्हींना मत देतो म्हणाले, बदल्यात घड्याळ. वहिनी अडली ती मनोऱ्यावर. "मनोऱ्याचा खर्च लोकांनी का सोसायचा? मंडईच्या छपराला पुढून चांगली उंची आहे. तिथे बसवा. कोट शिवायचाच आहे तर शिवू, पण पायघोळ कशाला?" बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मनोरा गेला, घड्याळ राहिलं.

"आणि सभेत सांगा," शेठ म्हणाले, "की घड्याळ गावाच्या फार गरजेचं आहे."

"मत देईन. खोटं नाही बोलणार."

शेठ खदखदून हसले. "बरं, ठरलं."

आता प्रश्न आला आधी कुणाचा ठराव घ्यायचा याचा. ज्याचं काम आधी होईल तो पुढे उलटला तर? मास्तरांनाही ती धाकधूक, डॉक्टरीणबाईंनाही. वहिनी म्हणाली, "माझा शेवटी ठेवा."

रस्त्यात नणंद फणफणली. "शेवटी? सगळ्यांची पोटं भरल्यावर तुला कोण विचारणार?"

"जुळवाजुळव मी केली ना? मग भरवसाही मीच आधी टाकायला हवा, वन्सं."

सभेच्या दिवशी नणंद पहिल्या रांगेत बसली. भिंत मंजूर झाली. खोली मंजूर झाली. घड्याळ पुकारलं तेव्हा वहिनीचा हात वर गेलेला बघून टेकडीवरून आलेल्या लोकांत कुजबुज उठली, आणि कारण ठाऊक असूनही नणंदेला मान वर करवेना. घड्याळही मंजूर झालं. मग बस. वहिनीचा हात, मास्तरांचा, डॉक्टरीणबाईंचा. शेठ चष्मा पुसत होते. भिंग पुसलं, दुसरं पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं. नणंद खुर्चीच्या कडेवर सरकली. शेठनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात वर केला.

बाहेर पडताना ते नणंदेजवळ थांबले. "घाबरलात ना? अहो, दिलेला शब्द फिरवला तर दुकानाला कुलूप लावावं लागेल मला."

वहिनीने त्याच आठवड्यात वस्तीची सभा बोलावली. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मी घड्याळाला मत दिलं. मला ते आजही गरजेचं वाटत नाही. आणि सगळ्यांची घरपट्टी थोडी वाढणार आहे, आपलीसुद्धा."

"म्हणजे मत विकलंस!" मागून एकजण ओरडला. प्रचारात सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या होत्या.

वहिनी काही बोलायच्या आत नणंद उठली. भाषण तिने जन्मात केलं नव्हतं. "विकलं असतं तर पैसा आमच्या घरात आला असता. आमच्या घरात काय आलंय ते येऊन बघा! बस कुणाच्या दारात येणार आहे? तुमच्या. आणि हे तिने लपवलं असतं तर कळलं असतं का तुम्हाला?"

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. तो माणूस त्यानंतर कपडे शिवायला दुसरीकडे जाऊ लागला. पण बस सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीला तोही खिडकीजवळ बसून आला, आणि नणंदेने ते डोळे भरून बघितलं.

त्यानंतर एका सकाळी वहिनीने पायांत चपला सरकवल्या. "चला, वन्सं, गोठ्यांकडे जाऊन येऊ."

गोठ्यांच्या वॉर्डातले आजोबा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांच्या वॉर्डाला यातलं काहीच मिळालं नव्हतं. घरपट्टी तेवढी वाढली होती. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "झालं ना तुमचं काम? आता माझं मत कशाला हवंय?"

"नकोय," वहिनी म्हणाली. "आमच्या कामांचे पैसे तुमच्या लोकांनीही भरलेत. तुमच्याकडे काय अडलंय, ते विचारायला आले."

आजोबांनी हातातला दोर खाली ठेवला. "गल्लीत दिवे नाहीत," ते म्हणाले. "पहाटे धार काढायला जाताना बायका पडतात."

वहिनी त्यांच्यासमोर ओट्यावर बसली. "कुठे कुठे, ते सांगा."

नणंद दाराशी उभी होती. आतून आजोबांची सून आली आणि तिने हळूच विचारलं, "ह्या कोण हो?"

"माझी वहिनी," नणंद म्हणाली. आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात पुन्हा एकदा म्हणाली, "माझी वहिनी आहे ती."