हातभर वायर

माझ्या लॅपटॉपात पडद्यावर चित्र दाखवणारी ग्राफिक्सची दोन कार्डं आहेत. लॅपटॉपचा पडदा छोट्या कार्डाला जोडलेला, टीव्हीची वायर लागते ती मोठ्या कार्डाला. लिनक्सवर मोठं कार्ड चालवणारा ड्रायव्हर टाकताना मी अतिशहाणपणा करून छोटं बंद केलं आणि पडदा काळाठिक्कर पडला. आता काही दिसलं तर टीव्हीवरच, आणि आमच्या वसमतच्या घरात टीव्ही बैठकीत. त्याच दुपारी आईनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेलं.

वायर हातभर. मी टीव्हीखाली बसून कमांड टाईप करत होते आणि मागं गल्लीतल्या बायका तिळगूळ खात टीव्हीकडं बघत होत्या.

"काय करायलीस गं पोरी?" एकीनं विचारलं.

मी दातओठ खात लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मेल्यानं आधीचं उघडं राहिलेलं सगळं इमानदारीनं परत उघडलं. त्यात आईला लिहिलेलं, महिनाभर द्यायची हिंमत न झालेलं पत्रही होतं. पुण्यात खोली घेतली आहे, आता परत येणार नाही. टीव्हीभर मोठ्या अक्षरांत.

मी वायर उपटायला हात घातला.

"राहू दे," मागून आई म्हणाली. "माझं आजून वाचून झालं न्हाई."