पाखी नडबे?

कोलकात्यातल्या डमडमच्या आमच्या घराच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा आहेत, आडव्या पट्ट्यांच्या. मधली दांडी वरखाली केली की पट्ट्या उघडतात, मिटतात. बाबांच्या खोलीतल्या झडपा कुजल्या होत्या. डोळ्यांच्या दुखण्यामुळे बाबांना थेट उजेड सोसत नाही, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून गल्ली हेच त्यांचं वर्तमानपत्र. पट्ट्या तिरक्या करून ते तासन्‌तास खाली बघत बसायचे.

मावसभाऊ म्हणाला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून टाक. मी त्याला भाषणच दिलं. बाबांच्या कपाटातल्या कामगार चळवळीच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. कारागिराच्या हातचं काम या विषयावर मला थांबवणं अवघड असतं.

"बाई, टाळ्या नंतर," तो म्हणाला. "आधी सुतार शोध."

शोधला. साठीचा मिस्त्री, कमी बोलणारा. मापं घ्यायला आला तेव्हा मी सभेला गेले होते, घरी आई होती.

तीन आठवड्यांनी सागवानी झडपा बसल्या. सुरेख. बाबांनी हात लावला, दांडी शोधली. दांडी नव्हतीच. पट्ट्या चौकटीत घट्ट ठोकलेल्या.

"छान आहेत," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी तडक खाली गेले. मिस्त्री हत्यारं आवरत होता. कष्ट वाचवलेत, आजारी माणसाची खिडकी बंद केलीत, असं बरंच बोलले. माझं बांगला रागात जास्त शुद्ध होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या आईला, बउदींना विचारलं होतं. पाखी नडबे? त्या म्हणाल्या, एकदम ना."

वर जाऊन आईला विचारलं. ती साताऱ्याची, तीस वर्षांत तिचं बांगला भाजीवाल्यापुढे सरकलेलं नाही.

"अगं, पाखी म्हणजे पक्षी ना? मला वाटलं, कबुतरं नडतील का विचारतोय. म्हटलं, एकदम ना, मुळीच नडायला नकोत."

इथले सुतार झडपेच्या पट्टीला पाखी म्हणतात. आणि नडबे म्हणजे हलेल. जन्म इथे काढून हा पाखी मलाही माहीत नव्हता. श्रमिकांवर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण त्यांच्या कामातला हा साधा शब्द कधी कानांवर पडू दिला नव्हता. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा एका कामगाराला कामचोर ठरवलं होतं, तेही त्याने नीट विचारून केलेल्या कामासाठी.

खाली जाऊन माफी मागितली. "ते राहू द्या," तो म्हणाला. "पट्ट्या काढाव्या लागतील. कडा पुन्हा तासायच्या, टोकांना खुंट्या घालायच्या, दांडी बसवायची. चार दिवस."

या वेळी मी त्याला वर, थेट बाबांपाशी नेलं. त्याने खिडकीला हात लावून विचारलं, "मास्टरमशाय, पाखी नडबे?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पदर तोंडाशी धरून हसत होती.

"नडू देत," बाबा मराठीतच म्हणाले. मिस्त्रीला बरोबर समजलं.